गोल फिरणारी तापी

सिमेंटच्या टाकीला नदीचं नाव द्यायला कुणाची परवानगी लागते, हे मला अजून कळलेलं नाही. लागत नसावीच. नाहीतर सुरतेबाहेरच्या त्या पार्कवाल्याची आपल्या कालव्यावर ‘तापी मैया नौकाविहार’ अशी पाटी ठोकायची हिंमत झाली नसती. फायबरचा घाट, फायबरचं देऊळ, त्याला खरी घंटा आणि स्पीकरवर दिवसभर आरती.

आईने त्याची जाहिरात डिंडोलीच्या नाक्यावर पाहिली. चित्रात देऊळ होतं, होडी होती आणि तापीचं नाव होतं. तिला तेवढंच हवं होतं. माझी बहीण तेव्हा बाळंतपणाला आमच्याकडे आली होती आणि तिला सातवा लागला होता. आधीच्या खेपेला आईने तापीच्या काठावरून तिच्यासाठी फूल सोडलं होतं. ते धारेला लागून दिसेनासं झालं, आई समाधानाने घरी आली, आणि तरी सातव्यातच बाळ गेलं. काठावरून सोडलं हीच चूक झाली, असं आईने तेव्हापासून मनाशी धरलं होतं. या खेपेला होडीत बसून मधल्या धारेत सोडायचं, हे तिचं पक्कं होतं. आमचं गाव वर खानदेशात याच नदीच्या काठी आहे. तापीपुढे आईला दुसरा देव सुचत नाही.

मी म्हणालो, “आई, ती नदी नाही. पंपाचं पाणी आहे ते.”

“नाव ते तिनंच शे ना?” ती म्हणाली.

रविवारी तिला घेऊन गेलो.

मी पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये पंप सांभाळतो. त्यामुळे तिथे पाऊल ठेवताच सगळं ढोंग माझ्या लक्षात आलं. कालवा गोल होता. फायबरच्या खडकामागे मोटर घरघरत होती. तळाच्या जाळीतून पाणी ओढायचं आणि पुढच्या नळांतून जोराने सोडायचं. त्या रेट्याने सगळं पाणी गोल फिरत राहतं आणि पाण्याबरोबर होड्या. होडीत धोतर-फेटा घातलेला एक नावाडी बसवला होता. त्याच्या हातात वल्हं होतं, पण ते नुसतं धरायचं होतं. होडी थांबवायची ती घाटावरचा माणूस आकडी टाकून थांबवायचा. सोंग आणायचं तर ते निदान पुरतं तरी आणावं.

आईला यातलं काही दिसत नव्हतं. ती डोक्यावर पदर घेऊन बसली होती. देवळासमोर होडी आली तसं तिने पिशवीतून झेंडूचं फूल काढलं, कपाळाला लावलं आणि हात लांब करून पाण्यात सोडलं. तिचे ओठ हलत होते. मी मोटरचा आवाज ऐकत बसलो होतो, पण तिचा चेहरा पाहून मलाही क्षणभर बरं वाटलं.

वळणांवर होडी कडेला घासत, अडत यायची. फुलाला कसली अडचण? आम्ही उतरलो, आईने वळून पाण्याला हात जोडले, आणि तेवढ्यात शेवटच्या वळणावरून ते फूल डुलत डुलत तिच्याच पायरीशी आलं.

आईचे जोडलेले हात तसेच राहिले.

“फूल परत उनं,” ती हळूच म्हणाली. “मायनी लिधं नही.”

मी काही बोलायच्या आत घाटावरच्या माणसाने जाळीने फूल उचललं आणि कोपऱ्यातल्या चिप्सच्या पाकिटांवर आपटलं. “माजी, पाणीमां कचरो नथी नाखवानो,” तो म्हणाला. तेही सगळ्या रांगेसमोर.

माझं डोकंच फिरलं. मी मॅनेजरला बोलवायला लावलं. त्याला म्हणालो, घाट तुम्ही बांधला, घंटा तुम्ही टांगली, आरती तुम्ही लावली. म्हाताऱ्या माणसांनी हात जोडावेत म्हणूनच ना हे सगळं? मग तिचं फूल कचरा कसं झालं?

तो शांतपणे म्हणाला, “भाई, ये तो सिर्फ थीम है.”

थीम! आमची आई तिथे भिंतीला टेकून उभी होती, लेकीच्या पोटातल्या जिवाचा निकाल लागल्यासारखी, आणि हा मला थीम सांगत होता. मी त्या कचऱ्यातून फूल उचललं, त्याच्या नाकासमोर धरलं, तोंडाला येईल ते बोललो आणि फूल खिशात घालून आईला बाहेर आणलं.

रिक्षात मी तिला सगळं समजावून सांगितलं. पाणी कुठून ओढतात, कुठून सोडतात, तिथे काहीही टाकलं तरी ते फिरून येणारच. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून बसली. जेवली नाही. लेकीकडे बघेचना. शेवटी बहिणीनेच खोदून खोदून तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

मी पुन्हा पंपावर घसरणार, इतक्यात बहीण तिच्याजवळ टेकली.

“माय, मांगला खेपले फूल वाही गयं,” ती म्हणाली. “तिनी ठेवी लिधं. आवंदा तिनी परत दिधं.”

मग बहिणीने माझ्याकडे पाहिलं. “दादा, फूल कोठे शे?”

मी खिशातून फूल काढलं. ते चेपलं होतं आणि त्याला क्लोरीनचा वास येत होता. गाऊनला पदर नसतो, म्हणून बहिणीने ओढणी पसरली. आईने माझ्या हातातून फूल घेतलं, दोन्ही हातांनी तिच्या ओटीत घातलं, आणि ओढणीची टोकं घट्ट धरून किती तरी वेळ रडली.

मग डोळे पुसून माझ्याकडे वळली.

“आते पंपनं नाव काढू नको,” ती म्हणाली, आणि ताट मागितलं.