माकळांचा नमस्कार

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि चहा घेता घेता ऐका, कारण मी एकदा सुरू झालो की थांबत नाही, असं आमची सुनंदा म्हणते. सुनंदा म्हणजे माझी बायको. या प्रकरणात माझी जी काही अब्रू जायची ती गेलीच. पण तरी सांगताना माझी छाती फुगते, आणि ती का फुगते हे तिला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळतं का बघा.

नव्वद सालानंतरची ती पहिली काही वर्षं. पनवेलात आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. मी रसायनीच्या बाजूला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर नकाशे काढायचे, घरी यायचं आणि काहीतरी पाळायचं, हा आपला छंद. पाळायचं कसलं, मारायचं! खोटं कशाला बोलू? पोपट आणला, तो मिरची खाता खाता गेला. ससा आणला, तो तर आणल्या आठवड्यातच. गुलाबाचं कलम लावलं, त्याची काठी झाली. शेवटी काचेची टाकी आणून रंगीत मासे सोडले, तर तेही एकामागून एक पोट वर करून तरंगायला लागले.

माझे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पेणहून यायचे आणि त्या रिकाम्या टाकीसमोर उभे राहून म्हणायचे, "जावईबापू, तुम्ही आता दगड पाळा. दगडाला काही होत नाही."

सासऱ्याचं बोलणं! बाहेर हसायचं आणि आत जळायचं. दुसरं काय करणार?

अशातच एका रविवारी मी मासळीबाजारात गेलो. आमची नेहमीची कोळीण यमुनाबाई. तिच्या पाटीत, जाळ्याच्या तुटक्या दोरीला गुंडाळलेला काळ्या द्राक्षांचा घोस! मी म्हटलं, "यमुनाबाई, द्राक्षं कधीपासून विकायला लागलीस?"

ती आणि तिच्या शेजारची, दोघी अशा हसल्या की अख्ख्या बाजाराने माना वळवल्या. "अवं, द्राक्षं नाय ती! माकलाची अंडी हायत. जाल्यात आली. टाकून देनार आमी."

माकूळ तुम्हाला माहीत असेलच. ते मऊ अंगाचं, तोंडाशी हातांचा झुबका असलेलं, कढीत पडलेलं तुम्ही पाहिलं असेल. आणि त्याच्या पाठीत पांढरी होडीसारखी कवटी असते, तोच समुद्रफेस, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो. माझ्या डोळ्यांसमोर एकदम ती रिकामी टाकी आली, अण्णा आले, त्यांचा दगड आला.

"टाकू नकोस," मी म्हटलं. "मला दे."

"खायाची नसत्यात ती!"

"खायची नाहीत. उबवायची आहेत."

यमुनाबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी स्वतःच त्यावर बसणार होतो!

आता अंडी समुद्रातली, म्हणजे पाणी समुद्राचं पाहिजे. मी स्कूटरला दोन बाजूंना दोन मोठे कॅन बांधले आणि उरणचा किनारा गाठला. पाणी भरलं. येताना नाक्यावर हवालदाराने हात केला. कॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय आहे यात?"

"पाणी. समुद्राचं."

"अस्सं. आणि कशाला हवं समुद्राचं पाणी?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण घाईत तोंडातून निघालं, "बाळांसाठी."

"किती महिन्यांची आहेत बाळं?"

"अजून व्हायचीत."

त्याने शांतपणे झाकण उघडलं, वास घेतला, तळहातावर थोडं ओतून जीभ लावली आणि थूः करून बाजूला झाला. "जा," तो म्हणाला. "आणि मिसेसना एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा."

बघा, त्या दिवसापासून दर आठवड्याला मी पाणी आणायला जायचो आणि तो मला लांबूनच सलाम करायचा. वेड्याच्या नादी कोण लागतो?

अंडी टाकीत लटकवली, हवेचा पंप लावला. सुनंदा म्हणाली, "यातून काही निघालं तर मी नाव बदलीन." पण एकेक दिवस गेला तशी ती काळी द्राक्षं फुगायला लागली. काळा रंग पातळ होत होत धुरकट झाला. आणि एका सकाळी मी दात घासत टाकीसमोर उभा, तर अंड्याच्या आतून दोन डोळे माझ्याकडे बघतायत! बघतायत म्हणजे काय, निरखतायत! मी तोंडातल्या फेसासकट ओरडलो, "सुनंदाऽऽ!" ती लाटणं घेऊनच आली. तिला वाटलं घरात चोर.

पुढच्या काही दिवसांत पिल्लं बाहेर पडली. हरभऱ्याच्या डाळीएवढी! पण अगदी पूर्ण माकूळ हं. डोळे, हात, अंगाला झालर, सगळं जागच्या जागी. मी पेढे वाटले. खरंच वाटले! पण आनंद फार टिकला नाही. ती काही खाईनात. अंड्याचा बलक चुरून टाकला, तोंड फिरवलं. माशांचं तयार खाणं टाकलं, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन-तीन पिल्लं तळाशी निपचित पडली. परत तेच? परत पोपट, परत ससा?

मी यमुनाबाईकडे धावलो. ती म्हणाली, "मला काय ठावं? आमी मारतो, पालत नाय!"

मग मी विचार केला. यांचे आईबाप समुद्रात बलक थोडाच खातात? ते हलणारं काहीतरी खात असणार. चहाची गाळणी उचलली आणि भरतीच्या वेळी खाडीवर गेलो. चिखलात गुडघाभर उतरून गाळणीने तो बारीक, काचेसारखा जिवंत जवळा, म्हणजे इवलीशी कोळंबीच, गाळला. घरी येऊन टाकीत सोडला. आणि काय सांगू! त्या डाळीएवढ्या पिल्लाने जवळ्याकडे रोखून बघितलं, रंग बदलला, तोंडाशी लपलेले दोऱ्यांसारखे दोन लांब हात झपकन सोडले आणि जवळा गायब! मी टाळ्या वाजवल्या. सुनंदा म्हणाली, "टाळ्या नंतर वाजवा, आधी नवी गाळणी आणा."

त्यानंतर आमची गाडी सुटली. रोज खाडी, रोज गाळणी. पिल्लं बोराएवढी झाली, मग लिंबाएवढी. मग मी त्यांना छोटी जिवंत कोळंबी चिमटीत धरून भरवायला लागलो. आणि तेव्हाच एके दिवशी तो चमत्कार झाला.

मी काचेजवळ बोट नेलं आणि म्हटलं, "काय रे बाळांनो?" तर सगळीच्या सगळी माझ्याकडे वळली आणि प्रत्येकाने पुढचे दोन हात वर उचलून एकत्र धरले. नमस्कार! अगदी देवळात करतात तसा!

मी सुनंदाला बोलावलं. ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. काही नाही. मी बोट पुढे केलं, लगेच नमस्कार! सांगा, कुठल्या बापाचं मन भरून येणार नाही?

अण्णा आले. ते हातांची घडी घालून टाकीसमोर बराच वेळ उभे. पिल्लांनी ढुंकून बघितलं नाही. मग मी पुढे झालो, बोट दाखवलं, "नमस्कार करा." सगळ्यांचे हात वर!

अण्णांचा चेहरा पडला. "मोठ्यांना नमस्कार करायचं वळण लावलेलं दिसत नाही," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. उलटं धरलं होतं हो!  इतक्या वर्षांचे दगड एका फटक्यात उतरले.

मग काय, बातमी बिल्डिंगभर झाली. समोरच्या कुलकर्णीकाकू बघायला आल्या आणि टाकीला हळदकुंकू लावून गेल्या. कुणी म्हणालं, मागच्या जन्मीचं नातं असणार. कारखान्यातले आमचे साहेब सहकुटुंब येऊन गेले. मी प्रत्येकाला सांगायचो, "प्रेम लावलं की मुकं जनावरसुद्धा ओळख ठेवतं." हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की सुनंदा माझ्याआधीच ते पूर्ण करायला लागली.

आमच्या भागात केबल चालवणारा दिनेश होता. रविवारी तो आपल्या चॅनलवर लग्नाच्या नाहीतर उत्सव मंडळाच्या कॅसेट दाखवायचा. तो म्हणाला, "दादा, तुमच्या नमस्काराचं शूटिंग करू. अख्खं पनवेल बघेल. फक्त कुणीतरी जाणकार बोलवू, म्हणजे वजन येईल." आणि तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना घेऊन आला.

मी लग्नातला सफारी घातला. खास आमंत्रण देऊन अण्णांना पेणहून बोलावलं आणि पहिल्या खुर्चीवर बसवलं. खोलीत मुंगी शिरायला जागा नाही. दिनेशने दिवा लावला, कॅमेरा सुरू केला. मी प्रेमावरचं वाक्य म्हटलं आणि बोट पुढे केलं. हात वर! टाळ्यांचा कडकडाट!

मॅडम मात्र वाकून टाकीत बघत होत्या. "तुम्ही यांना भरवता कसं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या हाताने. चिमटीत धरून."

"काय भरवता?"

"जिवंत कोळंबी."

त्यांनी तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले. "हा नमस्कार नाही हो," त्या म्हणाल्या. "भक्ष्य समोर दिसलं की ही असे पुढचे हात वर उचलतात. नेम धरतायत ती."

"नेम? कुणावर?"

"तुमच्या बोटावर. त्यांना ती कोळंबी वाटते."

 पहिल्या खुर्चीवरून अण्णांनी समाधानाने घसा खाकरला.

आता इथे मी गप्प बसलो असतो तर? पण नाही! मी म्हटलं, "मॅडम, पुस्तकातलं पुस्तकात. ही माझ्या हातची लेकरं आहेत. हे बघा!" आणि बोट थेट पाण्यात घातलं.

झप्प! सगळ्यात थोरल्याने दोन दोऱ्या फेकल्या आणि आठ हातांनी माझ्या बोटाला मिठी मारली. वर तोंडातली पोपटासारखी चोच लावली ती वेगळीच. मी जो ओरडलो, "आई गंऽऽ, खाल्लंऽऽ!" तो आवाज म्हणे स्टँडपर्यंत गेला. मी हात झटकला, लेकरू सुटलं, आणि घाबरून सगळ्यांनी एकदम शाई सोडली. टाकी काळीकुट्ट!

लोक हसत होते, पण मॅडम ओरडल्या, "पाणी बदला! एवढ्या शाईत गुदमरतील ती!"

माझं बोट, माझी अब्रू, सगळं विसरलो. काळं पाणी उपसायचं, उरणचं पाणी ओतायचं! पण कॅन गॅलरीत आणि मध्ये ही गर्दी. तेवढ्यात धोतराचा काचा मारून अण्णा उठले. "सरका! सरका म्हणतो ना!" त्या वयात त्यांनी भरलेला कॅन उचलून आणला हो! त्यांच्यामागून कुलकर्णीकाकू बादली घेऊन. साखळीच लागली. पाणी निवळत गेलं आणि तळाशी पांढरीफटक पडलेली पिल्लं दिसली. मी श्वास रोखून बघतोय. मग एकाच्या अंगावर पट्टे उमटले, दुसऱ्याची झालर हलली. सगळी, अगदी सगळी वाचली!

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "एक सांगू? आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ही अंडी आणली होती. पिल्लं निघाली, पण एवढी मोठी कधी झाली नाहीत. तुम्ही घरात, गाळणीच्या जोरावर केलंत. कमाल आहे!"

मी दिनेशकडे वळलो. "घेतलंस ना हे?"

दिनेशने मान खाली घातली. "दादा, कॅसेट मघाशीच संपली. तुम्ही 'खाल्लं' म्हणालात ना, तिथंच."

झालं! रविवारी अख्ख्या पनवेलने काय पाहिलं? सफारीतला एक माणूस प्रेमावर बोलतोय, मॅडम त्याच्या बोटाला कोळंबी म्हणतायत, तो तेच बोट पाण्यात घालतोय आणि बोंबलतोय. लोकांच्या आग्रहास्तव दिनेशने ते तीन रविवार दाखवलं.

पुढे पिल्लांना टाकी पुरेना. मग एका सकाळी सुनंदा स्वतःहून स्कूटरवर मागे बसली, मांडीत कॅन घेऊन. उरणला आम्ही त्यांना खडकांपाशी पाण्यात सोडलं. क्षणभर ती तिथेच थांबली, वाळूच्या रंगाची झाली आणि दिसेनाशी झाली. सुनंदा बराच वेळ पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "जगली हो तुमच्या हातून." तिचा आवाज जरा ओला होता. मी रिकामा कॅन स्कूटरला बांधायला लागलो. बोललो असतो तर माझाही झाला असता.

पण पनवेलकरांना ही शेवटची गोष्ट कुठे माहीत? त्यांनी माझं आडनावच बदलून टाकलं. बाजारात, बँकेत, जिथे तिथे मी "कोळंबीकर". आपटा गावातल्या एका लग्नात यजमानांनी तर खऱ्या आडनावासारखीच ओळख करून दिली, "हे आमचे कोळंबीकर." पंगतीत शेजारी बसलेल्या एका पुणेरी गृहस्थांनी फार आदराने विचारलं, "कोळंबी म्हणजे मूळ गाव का तुमचं? कुठे आलं हे?"

मी तोंडातला घास गिळतोय, तोवर पलीकडून सुनंदा म्हणाली, "उरणच्या समुद्रात. घरची मंडळी अजून तिकडेच असतात यांची. जाळ्यात सापडली नसतील तर!"