आठ तासांचं चिकन

माझ्या नाकावर राग आहे. मी शिकवते त्या शाळेतल्या मुलांना ते माहीत आहे, सोसायटीच्या वॉचमनला माहीत आहे, आणि आईला तर मी रांगत होते तेव्हापासून माहीत आहे. तरीही मागच्या थंडीत मी तिला जे बोलले, ते बोलायला नको होतं.

झालं असं, की संध्याकाळी मी शाळेतून आले तर जिन्यातच गॅसचा वास. पायऱ्या कशा चढले मला आठवत नाही. आईने दूध तापत ठेवलं होतं, ते उतू जाऊन बर्नर विझला होता, आणि बाईसाहेब आतल्या खोलीत पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. खिडक्या उघड्या होत्या म्हणून निभावलं. मी गॅस बंद केला आणि सुटले. समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यादेखत. "एक दिवस सगळ्या बिल्डिंगचा जीव घेशील तू! आजपासून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही!"

सत्त्याहत्तर वर्षांची बाई ती. "बरं," एवढंच म्हणाली.

आणि मग खरंच तिने पाऊल टाकलं नाही. प्यायचं पाणीसुद्धा स्वतः घेईना. मागायचीही नाही, रिकामं भांडं टेबलावर ठेवून द्यायची. मी भरायची, ती प्यायची. घरात आम्ही दोघीच. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, मी लग्न केलं नाही, भाऊ पुण्याला. दोघींच्या घरात एक जण बोलायची थांबली की फ्रीजचा आवाज केवढा मोठा होतो, ते मला त्या दिवसांत कळलं.

दुसऱ्या आठवड्यात तिने भावाला फोन केला. मी बाथरूममध्ये होते, सगळं ऐकू आलं. "ये आणि मला घेऊन जा. इथे माझी अडचणच होते." रात्री भावाने मला विचारलं, नेऊ का? मोडेन पण वाकणार नाही, त्यातली मी. म्हटलं, "ने की. तुझीही आईच आहे." वर त्याला गॅसची सगळी कहाणी तिखटमीठ लावून सांगितली. फोन ठेवला आणि तोंडावर टॉवेल दाबून रडले. तो पुढच्या रविवारी संध्याकाळी येणार, सोमवारी सकाळी तिला घेऊन जाणार, असं ठरलं.

मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. पण ते सांगणार कसं? "चुकलं" हा शब्द माझ्या जिभेवर येतच नाही. म्हणून मी काय केलं, तर एक स्लो कुकर मागवला. शाळेतल्या एका बाईंकडे पाहिला होता. विजेवर चालतो, जाळ नाही, उतू जायची भीती नाही. सकाळी सगळं आत टाकायचं, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. मनात होतं की हा आईच्या हवाली करावा. म्हणजे स्वयंपाकघरही पुन्हा तिचं होईल आणि मला तोंडाने काही बोलावं लागणार नाही.

रविवारी सकाळी खोकं उघडलं. आतलं भांडं काळं, जड, लोणच्याच्या बरणीसारखं मातीचं. आई गॅलरीतल्या खाटेवर उन्हात बसली होती, पायांवर शाल. तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसतं. ती बघत होती, पण बघत नसल्यासारखी.

"कुकर आहे," मी ओट्याकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं. "चिकन आणि पास्ता करायचाय. संध्याकाळी तो येईल ना."

थोड्या वेळाने गॅलरीतून आवाज आला. "किती शिट्ट्या?"

"याला शिट्टी नसते."

"मग कुकर कसला?"

तिसऱ्या आठवड्यातलं हे आमचं सगळ्यात लांब संभाषण. मला इतकं बरं वाटलं की कांदा चिरता चिरता मी चक्क गुणगुणायला लागले.

कृती सोपी होती, अगदी माझ्यासारख्या आळशी बाईला सोपी. कांदा, भरपूर लसूण, गाजराच्या चकत्या. वर बिनहाडाचं चिकन. सायखेड्याच्या एका विद्यार्थ्याच्या घरून टोमॅटोची पिशवी आली होती, त्यातले आठ-दहा मिक्सरमधून काढले आणि ओतले. मीठ, मिरपूड, पिझ्झाबरोबर येणाऱ्या त्या सुक्या पाल्याच्या साठवलेल्या पुड्या. काळा मसाला घालायचा नाही असं त्या बाईंनी बजावून सांगितलं होतं. मी अर्धा चमचा घातलाच. पास्ता शेवटच्या अर्ध्या तासात. मिक्सरची पिन काढली, तिथे याची लावली, खटका 'लो'वर फिरवला. घड्याळात नऊ वाजले होते. आठ तास, म्हणजे संध्याकाळी पाच.

मग मी हात पुसले आणि मटाराच्या शेंगांची परात घेऊन गॅलरीत गेले. आई सरकली. काही न बोलता सरकली, पण सरकली.

त्या दिवसाचं ऊन मला अजून आठवतं. रात्री कडाक्याची थंडी पडली होती, आणि आता समोरच्या पांडवलेण्याच्या डोंगरावरून धुकं हळूहळू वर निघालं होतं. खाली कुणाची तरी स्कूटर धुतली जात होती. आम्ही दोघी शेंगा सोलत होतो. दाणे परातीत पडत, टप टप. तिची बोटं माझ्यापेक्षा भरभर चालत होती. तिच्या शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, उन्हाने तो आणखी गरम झाला होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझे हात थांबले, मान भिंतीला टेकली, आणि ऊन पापण्यांतून लाल होऊन आत यायला लागलं.

झोप म्हणावी तर सगळं ऐकू येत होतं. स्कूटरवाल्याचा रेडिओ ऐकू येत होता, कबुतरं ऐकू येत होती. आईच्या सपाता फरफर करत आत गेल्या आणि परत आल्या. वाटलं, बाथरूमला गेली असेल. आणि जागी म्हणावी तर मी तिथे नव्हतेच. मी सटाण्याकडे होते, आजोळी, कुठल्याशा मावशीच्या लग्नाआधीच्या दिवसांत. अंगणात पांढरी धोतरं अंथरलेली. बायका गोल बसून रव्याच्या कणकेची दोरी काडीभोवती गुंडाळतायत, काडी ओढून घेतायत, आणि धोतरावर सरगुंड्यांची रास वाढतेय. आई त्यांच्यात होती. तरुण, दंडात घट्ट चोळी, नाकाला पीठ लागलेलं. ती मला म्हणत होती, हळू, दाबू नको, पोकळ राहिलं पाहिजे. मी दाबत होते. माझं प्रत्येक सरगुंडं चपटं होत होतं आणि ती प्रत्येक वेळी ते माझ्या हातातून घेऊन गुपचूप आपल्या राशीत टाकत होती, कुणाला दिसू नये म्हणून.

मग त्या अंगणात कोंबडीचा वास आला. लसणाचा, टोमॅटोचा, काळ्या मसाल्याचा. लग्नाच्या घरात आज कोंबडी कशी, असं मी कुणाला तरी विचारत होते.

डोळे उघडले तेव्हा दुपार झाली होती, दोन वाजून गेलेले. वास खरा होता. सगळ्या घरात पसरला होता, पडद्यांत, उशीत, माझ्या केसांत. परातीत एकही शेंग उरली नव्हती. माझ्या अंगावर आईची शाल होती. ती स्वतः बसल्या बसल्या पेंगत होती. मी शाल तिच्या पायांवर टाकायला गेले, तशी डोळे न उघडता पुटपुटली, "हाई काय शे?" साठ वर्षं नाशकात काढली, शहरातलं बोलणं उचललं, पण झोपेत ती अजून अहिराणीच बोलते. मी म्हटलं, "काही नाही, झोप." मला वाटलं, हा दिवस असाच लांबत जावा, पाच वाजूच नयेत. भावाची गाडी कसारा... छे, तो तर पुण्याहून येणार, संगमनेरला टायर पंक्चर व्हावं! असलं काहीबाही मनात आलं. देव माफ करो.

पाच वाजले. झाकण उचललं, तर वास घमघमीत आणि चिकन मात्र कडक. चमचा टेकवला तर दाद देईना. झालं, माझं डोकं फिरलं. "भिकार मशीन! आठ तास म्हणे! पैसे गेले पाण्यात!"

"झाकण ठेव," आई गॅलरीतून म्हणाली. "दोन तास दे अजून. होईल."

"तुला काय माहीत?"

"होईल म्हटलं ना."

साडेसहाला भाऊ आला, पंक्चरबिंक्चर काही न होता. साडेसातला मी पुन्हा झाकण उचललं. चिकन चमच्याखाली आपोआप सुटत होतं. मऊ, टोमॅटोत विरघळलेलं. मी पीळ दिलेल्या पास्त्याचं पाकीट फोडलं. एक तुकडा घरंगळून टेबलावर गेला, तो आईने उचलला, बोटांत फिरवून पाहिला. "सरगुंडंच की," म्हणाली. "फक्त पैसे घेऊन विकतात." भाऊ हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण तिची कपड्यांची बॅग दिवाणावर भरून तयार होती आणि मी अजून एक शब्द बोलले नव्हते.

जेवायला बसलो. वर साय घुसळून घातली होती, चीज किसून घातलं होतं. भावाने तीनदा वाढून घेतलं. आईने काट्याचमच्याला हात लावला नाही, हाताने खाल्लं, आणि बोटं चाटली. तिची ही पावती मला लहानपणापासून ओळखीची.

मग भाऊ बोलायला लागला. चांगल्या मनाचा आहे तो, पण आई समोर नसल्यासारखा बोलत होता. "तिकडे डॉक्टरला दाखवतो. विसरणं वाढलंय ना तिचं. आणि आम्ही दिवसभर बाहेर, तर स्वयंपाकघराला सरळ कडीच लावून जाऊ. रिस्क नको." आई ताटात बघत होती. एक सरगुंडं या बाजूचं त्या बाजूला करत होती. माझेच शब्द होते ते, मीच फोनवर त्याच्या पदरात घातलेले.

बोलणं बदलावं म्हणून मी कुकरचं सांगायला लागले. कसं सकाळी नऊला लावलं, कसं काही बघावं लागत नाही.

"नऊला?" भाऊ म्हणाला. इंजिनिअर माणूस, हिशेब केल्याशिवाय घास उतरत नाही. "मग आठ तासांनी पाच. तू साडेसातला उघडलंस. अडीच तास जास्त कसे लागले?"

"मशीनच तसलं—"

आणि वाक्य तोंडातच राहिलं. मला सकाळचा मिक्सर आठवला. टोमॅटो वाटून झाल्यावर मी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, रोज करते तसं. मग मिक्सरची पिन काढली, याची लावली, खटका फिरवला. बटण? बटण मी परत लावलंच नव्हतं. तशीच जाऊन उन्हात बसले होते.

मी आईकडे बघितलं. ती फार मन लावून जेवत होती.

"तू लावलंस?"

"जेव आधी. गार होतंय."

"आई, बटण तू लावलंस? सकाळी आत गेली होतीस तेव्हा?"

"अकरा वाजले तरी वास येईना. म्हटलं बघू तरी. भांड्याला हात लावला तर गारेगार." मग ताटात बघत म्हणाली, "स्वयंपाकघरात गेले. तू नको म्हणाली होतीस."

"मग सांगितलं का नाहीस? पाच वाजता मी एवढी ओरडत होते!"

"मशीनवर ओरडत होतीस ना. ओरडू दे म्हटलं." मग माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाली, "विसरलीस म्हणून कुणी बोललं की किती लागतं, ते मला माहीत आहे. तुला कशाला?"

मी हातातला घास ताटात ठेवला. एवढ्या वर्षांत मी रागावर ताबा मिळवायचे सगळे उपाय केले, दहा आकडे मोजले, प्राणायाम केला. पण त्या बाईच्या त्या एका वाक्याने माझी सगळी रगच जिरवली. मी भावाला म्हटलं, "ऐक. विसरणं तिचं वाढलेलं नाही. दूध उतू जाणं कुणाच्याही घरी होतं. मी तिला चारचौघांत बोलले, वाट्टेल ते बोलले, आणि तुला फोनवर वाढवून सांगितलं. चुकलं माझं." मग आईकडे वळले. "आई, चुकलं. जाऊ नकोस ना."

तिने सावकाश शेवटचा घास खाल्ला. पाणी प्यायली. मग भावाच्या पाठीवरून डावा हात फिरवत म्हणाली, "तू सकाळी नीघ बाबा. मी काही येत नाही. मी विसरते, हीपण विसरते. दोघींचं मिळून कसंबसं एक डोकं होतंय. त्यातलं अर्धं तुझ्याकडे नेऊन तू काय करणार?"

भाऊ हसत सुटला. मी बावन्न वर्षांची बाई, उष्ट्या हाताने, भरल्या ताटावर हमसून हमसून रडले.