फणसाचा खांब

लग्न होऊन मी मालवणला आले ती मुंबईत चित्रकला शिकून. मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागले. यजमान मुंबईच्या गोदीत नोकरीला, घरात मी आणि सासूबाई दोघीच. ते पन्नासच्या दशकातले दिवस. मला जुन्या इमारती जलरंगात उतरवायच्या होत्या. पण सुनेने एकटीने गावोगाव जाऊन उघड्यावर बसावं, हे शेजारपाजारी कुणाला रुचलं नसतं. एका रविवारी भीत भीत विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "एकटी जाव नको. मी येतंय."

देऊळ त्यांनीच सुचवलं. आचऱ्याच्या बाजूच्या एका गावातलं, लाकडी सभामंडपाचं. मी कागद ताणून बसले, त्या छत्री धरून शेजारी. खाऱ्या दमट हवेत रंग लवकर वाळेना, आणि खालचा वाळल्याशिवाय वरचा देता येत नाही. मग त्या पदराने कागदाला वारा घालत. दुपार कलल्यावर चित्र पुरं झालं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं.

"ह्यो डावीकडचो खांब सरळ नाय. तू सरळ कित्याक काढलंस?"

"चित्रात सरळ बरो दिसता, आई."

"फणसाचा लाकूड ता. वाकडा, पण जून. माझ्या बापाशीन बसयल्यान."

त्यांचे वडील देवळांचं लाकूडकाम करत, हे मला तोवर माहीत नव्हतं. ते गेल्यापासून सासूबाईंनी त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. त्या उठल्या, खांबाजवळ गेल्या आणि त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी मान खाली घालून कुंचले धूत बसले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी खांब जसा होता तसा काढला. ते चित्र मुंबईच्या प्रदर्शनात लागलं, आणि मला कामं येऊ लागली. सावंतवाडीचा राजवाडा, बंदरावरची जुनी कचेरी, एक मशीद, दोन चर्च. गुडघे धरेपर्यंत सासूबाई छत्री घेऊन बरोबर असायच्या. देवळाचं चित्र मात्र मी विकलं नाही, ट्रंकेत ठेवून दिलं.

दहाएक वर्षांनी गावकऱ्यांनी तो सभामंडप उतरवला आणि सिमेंटचा बांधला. मी घरात बोलले नाही. मासे घेऊन येणाऱ्या बाईने सहज सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "ता चित्र खंय आसा गो?"

मी चित्राला चौकट करून आणली. ओटीवर लावूया म्हटलं, पण त्यांना ते स्वयंपाकघरात हवं होतं, चुलीसमोरच्या भिंतीवर, जिथे त्या दिवसभर बसायच्या. धुराने कागद पिवळा पडणार, हे मला कळत होतं. मी खिळा ठोकला आणि चित्र टांगलं.