गिऱ्हाईक म्हणे भेटलं, अन् पैसे माह्याकडूनच

विसरभोळ्यांनो, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधता तुमी. पण आजचं हे तेवढं ध्यानात ठेवा. मी सांगून राहिली, नात ग्रुपवर लिहून राहिली.

आमच्या यांनी हौसेनं चिखलदऱ्याच्या एका हॉटेलात दरवर्षी सात दिवस राहायचा हक्क विकत घेतला होता. शेतातल्या झेंडूची तोडणी कोणावर सोडावी, म्हणून आमी एकदाही गेलो नाही. हे वारले, कागद पेटीत राहिला.

आज सकाळी फोन आला. "आजी, तुमच्या हक्काला गिऱ्हाईक मिळालंय. नाव बदलायची फी तेवढी आधी भरा."

जन्मभर वलगावची फुलं अमरावतीत विकली मी. इसाराचे आगाऊ पैसे गिऱ्हाईक देते, विकणारा नाही, हे मले कळते. तरी नातीले म्हटलं, "टाक पैसे मोबाईलवरून."

काहून? तो म्हणाला, "रामभाऊंनी किती प्रेमानं घेतलं होतं तुमच्यासाठी." हे गेल्यापासून यांचं नाव इतक्या मायेनं कोणी घेतलंच नव्हतं.

पैसे गेले अन् त्याचा फोन बंद. बँकेत, पोलिसात सांगून आलो. वाटेत नात म्हणाली, "आजी, नाव तर त्याच्या यादीत लिहिलेलं असन."

तेच लागलं मले.

तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांले असा फोन आला का, आजच विचारा. विकणाऱ्यालेच आधी पैसे मागतले, की फोन ठेवा.

मले समजवाले येऊ नका. आंबाडीची भाजी अन् भाकरी पाठवा, दोघींपुरत्या. आपल्या बोटानं पैसे गेले म्हणून पोरगी सकाळपासून उपाशी आहे.