हवेशीर खोली, शाळा जवळ

गंगाखेडात भाड्याची खोली शोधायची तर सुगतला फोन लावल्यावाचून गत नाही. साखर कारखान्यातला नवा केमिस्ट असो, बदलीवर आलेली नर्स असो की बँकेतला कारकून, विजेच्या खांबावरच्या पिवळ्या पाटीवर त्याचाच नंबर सापडतो. खोलीचे फोटो तोच काढतो, मजकूर तोच लिहितो, मोबाईलवरच्या ग्रुपांत तोच टाकतो. 'हवेशीर खोली, स्वतंत्र नळ, शाळा जवळ.' त्या नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं, हे तो लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधी नसते. ती फोनवर विचारायची. "नाव काय म्हनालात? आन् आडनाव?" कोणत्या आडनावाला खोली द्यायची नाही, हे मालकांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं. सुगत स्वतः बौद्ध वस्तीतला. म्हणजे आपल्याच माणसांना आपल्याच तोंडाने नाही म्हणायचं. पहिल्या वर्षी ते त्याला फार लागायचं, जेवण जायचं नाही. मग सवय झाली. सवय ही मोठी हलकट चीज आहे.

शाळेमागच्या सुमनबाई त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. मुलगा पुण्याला, त्या इथे एकट्या. वरची खोली भाड्याने देतात. तीन वर्षांपूर्वी एका मास्तरांना त्यांनी आडनाव ऐकून दारातच नाही म्हटलं. मास्तर गप्प बसणारे नव्हते. गल्ली गोळा झाली, पोलिसांत जायची भाषा झाली आणि सुमनबाईंनी घाबरून सुगतला बोलावून घेतलं. तेव्हा तोडगा सांगितला तो सुगतनेच.

"काकू, भांडन कायला वडवून घेता? म्हनायचं, घरात लगीन हाय, पाव्हने उतरनार हाईत, सध्या खोली देत न्हाई."

"कोनाचं लगीन म्हनून इचारलं तर?"

"पुतनीचं म्हना. पुतन्या कोन मोजायलंय?"

दोघंही पोट धरून हसले होते. त्या दिवशी सुमनबाईंनी त्याला ओसरीवर बसवून पिठलं-भाकरी वाढली होती. तेव्हापासून नको असलेल्या आडनावांना सुगतही फोनवर हेच सांगत आला.

यंदा सुगतची लेक सुजाता दहावीला गेली. नाल्याकाठच्या दोन खोल्यांत तीन भावांची बिऱ्हाडं, नऊ माणसं आणि दिवसभर चालणारा टीव्ही. पोरगी कानांत कापसाचे बोळे घालून अभ्यास करते. जूनमध्ये सुमनबाईंची खोली रिकामी झाली आणि सुगत फोटो काढायला वर गेला. खिडकीपाशी टेबल मावेल का, हे त्याने पहिल्यांदाच हाताने मापून पाहिलं. ती जाहिरात टाकायला त्याचं मन होईना. ही खोली आपणच घेऊ, असं घरी येऊन त्याने सुजाताला सांगून टाकलं. तिला त्या गल्लीत नेऊन खालून खिडकीसुद्धा दाखवली.

सुमनबाईंची आपल्यावर माया आहे, आपली गोष्ट वेगळी, असं त्याला वाटलं. बारा वर्षं लोकांना वाटेला लावणाऱ्या माणसाला असं वाटावं, म्हणजे कमाल झाली. पण लेकीपायी बाप असा खुळा होतो.

दुसऱ्या दिवशी तो ओसरीवर टेकला. "काकू, औंदा वरची खोली मीच घेतो म्हनतो. पोरगी दहावीला हाय."

सुमनबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. सुपातला एक खडा वेचून त्यांनी बाहेर टाकला.

"घरात लगीन हाय, बाबा," त्या म्हणाल्या. "पाव्हने उतरनार हाईत. सध्या खोली देत न्हाई."

शब्द जसेच्या तसे. आता हसतील, मग हसतील म्हणून सुगत त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्या हसल्या नाहीत.

"कोनाचं लगीन, काकू?"

"पुतनीचं," सुमनबाई पुटपुटल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. जाहिरात टाकलीस का, म्हणून. त्याने टाकली. 'शाळा जवळ' हेसुद्धा लिहिलं.

घरी सुजाता दप्तर आवरून, पुस्तकं पिशवीत भरून बसली होती. "पप्पा, कवा जायचं तिकडं?"

खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलं. पण जिभेवर दुसरंच तयार होतं. "त्यांच्या घरी लगीन हाय. सध्या देत न्हाईत."

पोरीचं तोंड उतरलं, पण तिला पटलं. ते वाक्य बनवलंच होतं पटावं म्हणून.

"मग लगीन झाल्यावर देतील न्हवं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. फोनवरच्या माणसांना सगळं कळलेलं असायचं. ती उत्तरासाठी त्याच्याकडे बघत होती.

"अजून तारीख निघाली न्हाई, माय," सुगत म्हणाला, आणि त्याने तिची पुस्तकं एकेक करून पिशवीतून बाहेर काढली.