आप्पामामांचं एक वाक्य: निमोणे आणि दौंडचे दोन दिवस

टीव्हीवर दिसण्यासाठी लोक काय काय करतात. माझ्या मामांना फक्त एका माणसाला दारातून हाकलायचं होतं.

निमोण्याहून त्यांचा फोन आला, "मने, शनिवारी ये. मी मालिकेत हाय. एकच वाक्य हाय, पर डायरेक्ट पुढाऱ्याला हाय." हीच बातमी त्यांनी उरलेल्या सगळ्या नातेवाइकांनाही कळवली होती, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

मालिका देशभर गाजलेल्या एका पुढाऱ्याच्या आयुष्यावर आहे. कोणता ते लिहीत नाही, कारण त्या नावावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दिवाळी तोंडावर आली आहे. निमोण्यात चित्रण होतं ते त्याच्या पहिल्या निवडणुकीचं, म्हणजे जी तो हरतो तिचं. तरुण पुढारी मत मागायला शेतकऱ्याच्या दारात येतो आणि शेतकरी, म्हणजे आमचे आप्पामामा, म्हणतो, "आमचं मत तुम्हाला नाही. आल्या पावली परत जा."

पुण्याहून नगर रस्त्याने जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा. मी चहा-बिहा घेऊन आरामात निघाले आणि त्याची फळं वाघोलीत भोगली, कोरेगाव भीमाला भोगली, सणसवाडीत तर कंपन्यांची पाळी सुटली होती. शिक्रापुरात मिसळ खाल्ली तेव्हा कुठे माणसात आले. शिरूरच्या स्टँडबाहेर निमोण्याची वडाप मिळते, भाडं किरकोळ आहे, पण जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि ती भरली की नाही हे फक्त ड्रायव्हरला कळतं.

पोचले तेव्हा मामा ओसरीवर फेटा बांधून बसले होते. शेजारी शंकरमामा, म्हणजे बांधाला बांध लागलेले त्यांचे जन्माचे दोस्त. त्यांना वाक्य नव्हतं, नुसतं मागे उभं राहायचं होतं. अख्खं गाव कुंपणापलीकडे जमलं होतं.

पहिल्या वेळी पुढाऱ्याचं काम करणारा नट दारात आला आणि मामा उठून म्हणाले, "या, बसा."

कट. दुसऱ्या वेळी मामांनी वाक्य बरोबर म्हटलं, पण तेवढ्यात शंकरमामांनी मागून पाण्याचा तांब्या पुढे केला. तिसऱ्या वेळी मामा हात जोडून, हसत म्हणाले, "आमचं मत तुम्हाला न्हाई, पर च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई." कुंपणाबाहेरून टाळ्या पडल्या.

दिग्दर्शिका मुंबईची, आवाज बसलेला. "आप्पा, तुम्हाला राग आलाय," ती म्हणाली.

"कशाचा?" मामांनी विचारलं.

"तो मत मागायला आलाय."

"मंग त्यात राग कसला?"

शेवटी तिने सांगून टाकलं, की आता एकदाच करून बघू, नाही जमलं तर वाक्य शंकरमामांना. मामांचा चेहरा पडला. नातेवाईक, गाव, फोनवर दिलेली आमंत्रणं, सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

मी त्यांना पाणी द्यायला गेले. ते हळू आवाजात म्हणाले, "मने, मी ग्रामपंचायतीला उभा ऱ्हायलो व्हतो, ठाव हाय ना? घरटी गेलो. घरटी च्या झाला. एकानं तोंडावर न्हाई म्हटलं न्हाई. आन् पडलो. हिकडं आसं दारात कोन बोलतच न्हाई गं. मी कुठनं आनू ते?"

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. च्या पिऊन पिऊन हरलेला हा माणूस, आणि आता त्याला नकार देता येत नव्हता.

आता फक्त मामांचा चेहरा टिपायचा होता. नट सावलीत जाऊन बसला आणि दिग्दर्शिका म्हणाली, "कॅमेऱ्याच्या शेजारी कुणाला तरी उभं करा, त्याच्याकडे बघून बोला."

मामा म्हणाले, "शंकर, तू ये."

शंकरमामा गेले. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आमचं मत तुम्हाला नाही. आल्या पावली परत जा."

दिग्दर्शिका "ओके" म्हणायचंच विसरली. शंकरमामांचे मात्र कान लाल झाले होते, आणि जेवायला पिठलं-भाकरी असूनही ते त्या दिवशी उपाशी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दौंड. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत मालिकावाल्यांनी लाकडी फलाट उभारला होता, आता मोठा झालेला पुढारी तिथे उतरणार आणि गर्दी जयजयकार करणार. फलाट इतका हुबेहूब की एक काकू बोचकं घेऊन मला विचारत आल्या, "पुण्याची गाडी हितंच लागंल ना?" गर्दीत आमचे दोघे शेजारी शेजारी होते. मामा घसा फाडून ओरडले. शंकरमामा ओठ हलवत होते. जीपमध्ये येतानाही ते खिडकीबाहेर उसाकडेच बघत होते, आणि मामा त्यांना काही विचारत नव्हते.

परतीला दौंडहून रेल्वे घ्या, हा माझा मनापासून सल्ला. तिकीट स्वस्त आहे आणि नगर रस्ता लागत नाही. स्टेशनबाहेर भेळ छान मिळते.

परवा तो भाग लागला. अख्खा प्रवास, मिसळ, ऊन, फेटा, आणि मामा पडद्यावर दिसले डोळ्याचं पातं लवेपर्यंत. पण ते बघणं असं होतं की माझी आईसुद्धा म्हणाली, "दादा खरंच चिडलाय की काय?" तेवढं मात्र माझ्याबरोबर राहिलंय.

मी लगेच फोन लावला. मामा खुशीत होते. घर माणसांनी भरलं होतं.

"शंकरमामा आलेत का?"

"आलाय की. माझं वाक्य झालं आन् सगळ्यांपुढं उठून हुबा ऱ्हायला. म्हनला, आप्पा, तवा पंचायतीला मी तुला मत दिलं नव्हतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हटलं, ठाव हाय. मी पडलो तवा सगळ्यात मोठ्यानं तूच रडला व्हतास."

पलीकडे ताटांचा आवाज येत होता. "ठेव आता," मामा म्हणाले, "शंकर जेवायचा थांबलाय."