निरोगी गटातला माणूस

आमच्या स्कॅन सेंटरमध्ये कंट्रोल रूमच्या दाराला एक छोटी काच आहे. तिच्यावर लाल अक्षरांत 'आत येऊ नये' असं लिहिलंय. त्या अक्षरांवरच बोटाच्या पेरानं टकटक करून एक काका म्हणायचे, "पावणं, नीट बघा की."

मी एमआरआयचा टेक्निशियन. पेशंटला टेबलावर झोपवायचं, डोकं हलू द्यायचं नाही आणि चित्रं घ्यायची, एवढंच माझं काम. रिपोर्ट डॉक्टर देतात. हे त्यांना कितीही सांगितलं तरी उपयोग नव्हता. चित्र काढणारा मी, तेव्हा चित्रात काही दिसलं नाही तर चूक माझी, असा त्यांचा सरळ हिशेब. शेवटपर्यंत त्यांनी मला पावणंच म्हटलं. माझं नाव त्यांना माहीत होतं.

अंगानं दणकट, मिशा पांढऱ्या, पण आवाज तरण्या माणसाचा. उभं आयुष्य शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीशेजारी गेलेलं. तिथं ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नव्हती, त्यामुळे त्यांची खासगी गोष्टही वेटिंग हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायची.

पहिल्यांदा आले ते बायकोला घेऊन. कळंब्याच्या घरात ती बाई बरेच महिने पलंगाला धरून होती. जेवण नको, अंघोळ नको, कुणाशी बोलणं नको. मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमनी डिप्रेशन म्हणून सांगितलं होतं, गोळ्या सुरू केल्या होत्या, आणि डोक्यात दुसरं काही नाही ना एवढं बघायला आमच्याकडे पाठवलं होतं.

रिपोर्ट नॉर्मल आला. असा रिपोर्ट हातात पडला की लोक काय करतात ते तुम्हीही कधी ना कधी पाहिलं असेल. हात जोडतात, डोळे पुसतात, घरी फोन लावतात. यांनी कागद माझ्यापुढे आपटला.

"नॉर्मल म्हंजे काय न्हाय?"

"काही नाही. चांगलं झालं की, काका."

"काय चांगलं झालं? ह्या बाईनं पाडव्यापास्नं केस विंचरल्यालं न्हाईत. आणि तुमी म्हणताय काय न्हाय. पुन्यांदा काढा."

बाई बाकावर बसून फरशीकडे बघत होती. हॉलमधली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. मला त्यांचा राग आला. वाटलं, कसला माणूस हा, बायकोच्या डोक्यात गाठ निघाली असती तर खूश झाला असता.

काही आठवड्यांनी ते एकटेच आले. टकटक केली नाही. दाराशी नुसतेच उभे राहिले. काय झालं ते मी विचारलं तेव्हा सांगितलं. मुलगा इंजिनिअर. त्यानं रिपोर्ट वाचला आणि आईच्या गोळ्या बंद केल्या.

"म्हणतोय, डोक्यात काय न्हाय तर डोक्याच्या गोळ्या कशाला. नाटक हाय म्हणतोय. नातवाला सांभाळायला नको म्हणून."

गोळ्या बंद झाल्यावर बाईनं पाणीसुद्धा नको म्हटलं. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

मग माझ्या रागाची दिशा बदलली, ती आजपर्यंत तशीच आहे. त्या कागदावर लिहिलेलं एवढंच असतं की गाठ नाही, रक्तस्राव नाही, सूज नाही. बाई खोटं बोलते असं त्यात कुठंही लिहिलेलं नसतं. तरी घरचे नेमकं तेच वाचतात. सुनेच्या नॉर्मल रिपोर्टची झेरॉक्स माहेरी पाठवायला मागणारी सासू मी पाहिलीय. धाकट्या भावाचा रिपोर्ट त्याच्या तोंडापुढे नाचवत "ऊठ आता, कामाला लाग" म्हणणारा थोरला पाहिलाय. आमचं मशीन आजार शोधायला आणलंय. लोक त्यानं माणसाला खोटं पाडतात.

आजार आहे तर चित्रात का दिसत नाही, यावरून डॉक्टर मॅडमशी त्यांचं भांडण झालंच. मॅडमही कोल्हापूरच्याच, त्या काही घाबरल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की मेंदूच्या एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणारे बारीक तंतू असतात. दिसायला पांढरे असतात म्हणून त्या भागाला पांढरा भाग म्हणतात. त्या तंतूंच्या कडेनं पाणी कसं सरकतं, हे वेगळ्या पद्धतीनं स्कॅन करून मोजता येतं. डिप्रेशनच्या पुष्कळ पेशंटची निरोगी लोकांशी तुलना केली, तर सरासरीत थोडा फरक दिसतो. साध्या स्कॅनमध्ये तो दिसत नाही. मॅडम स्वतःच्या अभ्यासासाठी असे स्कॅन आमच्याकडे करून घेत होत्या. त्यांना पेशंट हवे होते, आणि त्याच वयाचे निरोगी लोकही.

"मग हिचं काढा," ते म्हणाले. "आणि निरोगी म्हणून मी हाय की. मला काय धाड भरल्या?"

बाई तोवर गोळ्यांनी थोडी सावरली होती. मॅडमनी तिला वेगळं घेऊन विचारलं. ती म्हणाली, "काढा. पर ह्यास्नी वरडू नका म्हणावं."

ठरल्या दिवशी दोघं आली. स्कॅनच्या आधी मॅडम निरोगी माणसांनाही प्रश्न विचारायच्या. ते आमच्या शेजारच्या खोलीत बसले होते. दार लोटलेलं असलं तरी त्यांचा आवाज कुठं अडतोय.

"झोप?"

"झोप कसली. कोंबडं वरडायच्या आधी डोळा उघडतोय."

"कधीपासून?"

"फौंड्री सुटल्यापास्नं."

"मन कशात रमतं?"

खुर्ची करकरली. मग म्हणाले, "कबुतरं होती. दिली सोडून."

"का?"

"त्यांचा आवाज सोसंना."

मॅडमनी आणखी एक प्रश्न विचारला. मरावंसं वाटतं का कधी, असा. त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही. त्या माणसाचं उत्तर पलीकडच्या खोलीत ऐकू येऊ नये, हे मी पहिल्यांदाच अनुभवलं.

थोड्या वेळानं मॅडम त्यांच्याबरोबर बाहेर आल्या. "काका, तुम्हाला निरोगी गटात घेता येत नाही. तुम्हालाही डिप्रेशन आहे. मला आधी तुमचा इलाज करायचाय."

हॉल दणाणला. "मला? मी काय रडतोय काय? मी हिंडतोय, फिरतोय, चार माणसांशी भांडतोय."

"तेच की," बाकावरून त्यांची बायको म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. "रडायचं माझ्या वाट्याला आलं, भांडायचं तुमच्या. दुखणं एकच हाय. बसा हितं."

ते उभेच होते. मग बसले. तिनं त्यांच्या शर्टाची वळलेली कॉलर सरळ केली.

त्यांचाही स्कॅन झाला, पण पेशंटच्या गटात. आमचं मशीन सुरू झालं की खडखडाटानं भलेभले घाबरतात. हे आत गाढ झोपले. उठवल्यावर म्हणाले, "फौंड्रीगत आवाज हाय. लई दिसांनी झ्वाप लागली."

पण चित्रासाठी मात्र भांडण झालं. मुलाला दाखवायला त्यांना बायकोच्या तंतूंचं चित्र हवं होतं. मॅडम म्हणाल्या, एकट्या माणसाच्या चित्रावरून काही सांगता येत नाही.

"म्हंजे शंभर जण उभं केलं की दिसतंय, आणि माझी बायको एकटी उभारली की दिसत न्हाय?"

"हो."

"मग पोराला काय दावू?"

"दाखवू नका. सांगा. तोंड आहे ना तुम्हाला?"

त्यांना असं उत्तर देणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी आपण होऊन मला सांगितलं. "बोललो पोराला. म्हटलं, तुझी आई नाटकी तर मीबी नाटकी. मलाबी त्याच गोळ्या हाईत. आता माझ्या बंद करून दाव." मुलाला पटलं का, असं मी विचारलं. "न्हाय पटलं. पर गप झाला. तिच्या गोळ्यांना हात लावत न्हाय."

नंतरची दोनेक वर्षं दोघं आमच्या इमारतीतल्या मॅडमच्या दवाखान्यात यायची. खाली मेडिकलवाला या गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. सगळ्यांनाच तसं देतो, लोकांना तेच हवं असतं. हे पुडी तिथंच उघडायचे. "उघडं द्या की. चोरीचा माल हाय काय?" आणि पाकीट हातात धरून, सगळ्यांना दिसेल असं, जिना चढायचे. रिक्षावाल्याशी, वॉचमनशी, माझ्याशी भांडणं चालूच होती. बरं होणं म्हणजे गोड होणं नव्हे, असं मॅडम म्हणायच्या. पण भांडण संपल्यावर ते आता हसायचे. ते पूर्वी नव्हतं.

गेल्या वर्षी ते गेले. अंगण झाडताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी भेटायला गेलो तेव्हा घरात पैपाहुणे जमले होते. मुलगा येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होता. हार्ट अटॅक, ब्लॉकेज असणार, काही कळलंच नाही. आजऱ्याहून आलेले एक नातेवाईक म्हणाले, "एवढा धडधाकट माणूस. कधी म्हणून कसलं दुखणं न्हवतं."

बाई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "हुतं की. डिप्रेशन हुतं. माझ्यागत."

मुलगा तिच्याकडे वाकून हळूच म्हणाला, "आई, लोकांसमोर कशाला?"

"हार्टचं सकाळपास्नं सांगतोयस की लोकांसमोर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मग हेबी सांग."

चहाचा ट्रे घेऊन आलेली सून दारातच थांबली होती. बाईनं तिला हातानं आत बोलावलं, ट्रेमधला एक कप उचलला आणि माझ्यापुढे धरला.